चिंच, राख आणि दुनळी

नाशिक, १४ ऑक्टोबर २०२४

चि. सिंधूस निवृत्तीदादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आत्याला फोनवरचं काही ऐकू येत नाही, पण कानाशी बसून वाचलेलं पत्र शब्दन् शब्द कळतं, असं तू लिहिलंस. म्हणून मी तीस वर्षांनी पोस्टात गेलो. 'पत्राचं पाकीट द्या' म्हटल्यावर खिडकीतली मुलगी आत जाऊन साहेबांना विचारून आली. पाटबंधारे खात्यात मी अडतीस वर्षं पत्रंच लिहिली, पण ती सगळी 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी. हे पत्रही तसंच वाटलं तर आत्याला सांग, हेडक्लार्कची सवय आहे, आता जायची नाही.

आत्याने दसऱ्याचं विचारलंय. दसरा झकास झाला. खंडेनवमीला विळी, कोयता, तुझ्या वहिनीचं शिलाई मशीन, चिरंजीव हर्षलचा लॅपटॉप आणि मधोमध आजोबांची दुनळी, अशी पूजा मांडली. आत्याने ती बंदूक पन्नास वर्षांत पाहिली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोन नळ्या, पण जुळ्या नाहीत. एक गोळीची, दुसरी छऱ्यांची. चाप दोन. दोन्ही अंगांना पोलादावर कोरीव नक्षी, हरीण, मागे लागलेली कुत्री, झाडाची पानं. आजोबांनी इगतपुरीला बिबट्या मारला आणि रेल्वेच्या साहेबाने देश सोडताना ही त्यांना बक्षीस दिली, हे तुला पाठच आहे. तुला काय, आमच्या अख्ख्या कॉलनीला पाठ आहे, कारण मी कुणाला चहा दिला की त्याच्यासोबत ही गोष्ट देतोच.

बाबांकडून १९८३ साली ती माझ्याकडे आली तेव्हाची तिची दशा तू पाहायला हवी होतीस. नक्षीत काळं साचलेलं. दस्त्याच्या वरच्या कडेला चांदीची छोटी पट्टी आहे, तिच्यावर चार-पाच काळे ओरखडे. तेव्हापासून दर नवमीच्या आदल्या दिवशी मी चिंच भिजत घालतो, तिच्या कोळात कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडची चाळलेली राख मिसळतो आणि स्वतःच्या हाताने घासतो. एक्केचाळीस वर्षं! पट्टीवरचे ओरखडे फार चिवट निघाले, तीन दसरे खाल्ले, पण काढलेच. आता त्या पट्टीत बघून मी मिशा कापतो. तुझी वहिनी म्हणते, 'उभ्या जन्मात एकदा घरातला तांब्या असा घासला असता तर!'

एवढं असून मी बार मात्र एकही काढलेला नाही. मागच्या महिन्यात कॉलनीत बिबट्या शिरला, तेव्हा सगळे माझ्या दारात. 'काका, बंदूक काढा!' काका त्या वेळी बाथरूमच्या कडीची मजबुती तपासत होते. आतूनच ओरडलो, 'परवान्यात बसत नाही!' बिबट्याला वनखात्याने नेलं. मला पोरं आता 'शिकारी काका' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असं मी धरून चालतो.

शुक्रवारी मुंबईहून अश्विन कोठावदे नावाचे गृहस्थ येताहेत. जुन्या हत्यारांचा रीतसर परवान्याचा संग्रह आहे त्यांचा. फोटो पाहून त्यांनी लगेच कळवलं, 'अशी जोडबंदूक फार दुर्मिळ. कंडिशन कशी आहे?' मी लिहिलं, 'आरशासारखी.' त्यावर उत्तर नाही, थेट येतोच म्हणाले. आनंदाने सुचलं नसेल काही. हर्षल विंचूरच्या वाइन कारखान्यात रमलाय, परवाना त्याला नकोय. तेव्हा बंदूक चांगल्या घरी पडावी, काचेच्या कपाटात राहावी आणि खाली 'कै. चिमाजी गतीर, शिकारी' अशी पाटी लागावी, एवढीच माझी इच्छा आहे. आत्याला साष्टांग नमस्कार.

तुझा
निवृत्तीदादा


नांदगाव, २३ ऑक्टोबर

ती. दादास सिंधूचा नमस्कार.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा बाथरूमच्या कडीपाशी ती एवढी हसली की ठसका लागला. दुसऱ्यांदा मात्र मधेच म्हणाली, 'थांब. ते पट्टीचं परत वाच.' वाचलं. मग म्हणाली, 'त्याला ईचार, पट्टीवर काय हाय.'

मी म्हटलं, 'काय असणार?' तर म्हणाली, 'माझं नाव.'

दादा, तू बसला असशील तर ठीक, नाहीतर बस. ब्याण्णव वर्षांची बाई काल दुपारी मला जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. बिबट्या आजोबांनी मारलाच नाही. बिबट्या मेलाच नाही. भाताच्या आवणीचे दिवस होते, आजोबा साहेबाबरोबर घाटाकडे गेले होते आणि आई त्यांची भाकरी घेऊन पोचली. चौदा वर्षांची होती. करवंदीच्या जाळीतून जनावर बाहेर आलं. साहेब बांधावरून घसरला तो चिखलात उताणा, बंदूक भलतीकडेच. आजोबा कुठे? आंब्यावर! आईने बंदूक उचलली आणि डोळे मिटून जो चाप बोटाला लागला तो ओढला. छऱ्यांचा बार आभाळात गेला. आवाजाने बिबट्या पळाला आणि आई मागच्या चिखलात बसली. खांदा महिनाभर काळानिळा होता म्हणे.

आजोबा खाली उतरले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? 'कुनाला सांगू नको. बंदूक उडवनाऱ्या पोरीशी लगीन कोन करंल?' गावात मग त्यांनीच बिबट्या मारला. पण साहेबाला खरं माहीत होतं. जाताना त्याने आपल्या मडमेबरोबर बंदूक घरी पाठवली, आणि पट्टीवर नाव आईचं. साहेबाच्या मडमेने तिचं बोट धरून पट्टीवरून फिरवलं आणि म्हणाली, 'भागी.' गावात वाचता येणारं कुणी नव्हतं, म्हणून आजोबांचं सगळं खपून गेलं.

आजोबा गेले तेव्हा आईने मामांकडे बंदूक मागितली होती, ठेवायला नव्हे, बघायला. मामा म्हणाले, 'बायकांचं काय काम त्यात.' त्यानंतर ती तुमच्याकडे का आली नाही, हे मला काल कळलं.

काचबिंदूने तिचे डोळे गेले, पण बोटं अजून शाबूत आहेत. पन्नाशीत प्रौढ वर्गाला जाऊन अक्षरं शिकली होती, ती आता भांड्यांवर चालवते. डब्यावरचं नाव बोटाने वाचून सांगते, हा कुणाच्या लग्नातला, हा कुणाच्या बारशाचा. आता म्हणते, 'मरायच्या आदी एकदा त्या नावावर बोट ठेवायचं हाय.' आजवर तिने आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. तेव्हा पट्टीवर काय आहे ते बघून लगेच कळव.

तुझी
सिंधू


नाशिक, ४ नोव्हेंबर

चि. सिंधूस आशीर्वाद.

भाऊबीजेला आलो नाही, रागावू नकोस. वहिनीचं गुडघ्याचं चाललंय आणि माझंही पोट जरा बरं नव्हतं. फराळ कुरियरने पाठवला आहे. चकल्या फुटल्या असतील तर ती वाहतुकीची चूक समजावी, मूळच्या त्या कडक आहेत.

आत्याची हकिगत वाचून थक्क झालो. आजोबा झाडावर होते हे कळल्यावर माझ्या स्वतःबद्दलच्या बऱ्याच शंका फिटल्या. एवढी वर्षं वाटायचं, शिकाऱ्याच्या वंशात मीच एक भित्रा कसा निपजलो. घराण्याची परंपरा मी नीट सांभाळतोय म्हणायची.

पट्टीचं म्हणशील, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आता निकाल लागून सुटेपर्यंत काही बघता येणार नाही. कोठावदे येऊन गेले. चहा घेतला. फारसे बोलले नाहीत. माणूस मितभाषी आहे. यंदा इकडे थंडी लवकर पडली. तिकडे कांद्याचं कसं काय?

तुझा
निवृत्तीदादा


नांदगाव, १६ नोव्हेंबर

दादा,

फराळ मिळाला. कांद्याचं बरं आहे. तू कांद्याची चौकशी करायला लागलास म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, एवढं मला कळतं. लहानपणी माझी पाटी फोडलीस तेव्हाही तू मला 'तुमच्याकडे पाऊस कसा आहे' असं विचारलं होतंस.

आईला परवा ताप भरला. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत कफ आहे, वय आहे, म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन 'ज्यांना भेटायचं त्यांना भेटून घेऊ द्या' म्हणाले. खाणं दोन चमच्यांवर आलंय. सकाळी डोळे उघडले की विचारते, 'निवडनूक झाली का गं?' शेजारच्या कुसाबाईला वाटतं, म्हातारीला राजकारणाची काय ही आवड! मतदान वीस तारखेला आहे म्हणून सांगितलं, तर बोटांवर दिवस मोजत बसली.

बंदूक सुटली की त्याच आठवड्यात घेऊन ये. आणि पट्टीवर काय आहे ते आता खरं खरं लिही.

सिंधू


नाशिक, ३० नोव्हेंबर

चि. सिंधू,

हे पत्र आत्याला वाचून दाखवू नकोस. कशीतरी थाप मार.

पट्टीवर काही नाही. मी घासून काढलं.

ते ओरखडे, जे मी तीन दसरे खपून काढले आणि त्याची फुशारकी पहिल्याच पत्रात मारली, ते ओरखडे म्हणजे तिचं नाव होतं; काळ्यात इतकं बुजलेलं की मला ती अक्षरं वाटलीच नाहीत. तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला ते कळलं. बंदूक ठाण्यात जमा होती हे खरं, पण मी त्याच्याआड लपलो हेही तितकंच खरं. आजोबांना निदान आंबा तरी मिळाला होता.

बुधवारी बंदूक सुटून आली. भिंग आणलं, बॅटरी मारली, पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. काही नाही. माझाच चेहरा दिसला, आणि तो मला अजिबात बघायचा नव्हता.

कोठावद्यांचंही खरं सांगून टाकतो. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, बंदूक हातात घेतली आणि उजवी बाजू पाहून विचारलं, 'हे कुणी केलं?' मी छाती काढून म्हणालो, 'मी! दरवर्षी! चिंच आणि राख!' ते खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. मग त्यांनी मला समजावलं, जसं मी नव्या कारकुनाला समजवायचो. जुन्या पोलादावर शंभर वर्षांत जो काळसर रंग चढतो, तीच तिची अब्रू. नक्षीत साचलेलं काळं, तेच तिचं वय. संग्रह करणारा माणूस चमक बघत नाही, तो बघतो की कारागिराच्या हातानंतर कुणाचा हात लागला नाही ना. 'तुम्ही कंडिशन आरशासारखी लिहिलीत, तेव्हाच मला धडकी भरली होती,' म्हणाले. उजव्या बाजूच्या हरणाची शिंगं गेली आहेत, आता तो नुसता बोकड दिसतो. कुत्र्यांची फक्त पळापळ उरली आहे.

मग त्यांनी बंदूक उलटी केली आणि खिडकीपाशी उजेडात नेली. डावी बाजू जशीच्या तशी! पूजेत बंदूक कायम डाव्या कुशीवर ठेवतो आम्ही, आणि जी बाजू पाहुण्यांना दिसत नाही ती मी एक्केचाळीस वर्षांत कधी घासलीच नाही. सिंधू, माझ्या आळसाने जेवढं वाचवलं तेवढं माझ्या भक्तीने वाचवलं नाही. कोठावदे म्हणाले, 'काका, डाव्या बाजूसाठी मी ही घेईन. नाव तुमच्या आजोबांचंच लावीन. पण एक अट. यापुढे हिला कुणी हात लावायचा नाही. तेल नको, फडकं नको, फूलसुद्धा नको. आणि एकही स्क्रू हलवायचा नाही.' मी लगेच होकार दिला. कॉलनीत चार घरी सांगूनही आलो.

आणि आता हे. आत्याला काय सांगू? ब्याण्णव वर्षांत एक गोष्ट मागितली, तीही बघायला नव्हे, नुसतं बोट ठेवायला, आणि ती मी देवाची पूजा म्हणून पुसून टाकली. बाबांनी निदान नुसतं नाही म्हटलं होतं. मला फार लाज वाटते गं. तू काय सांगशील ते करतो.

निवृत्ती


नांदगाव, ७ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आईपुढे वाचताना पहिल्याच ओळीला मी अडकले आणि तिथल्या तिथे मनाने रचून निवडणुकीच्या निकालाचं काहीतरी सांगितलं. तुझी दोन पानं गाळली. जन्मात पहिल्यांदा आईशी खोटं बोलले, तेही तुझ्यापायी. आधी तुला चार शिव्या लिहिल्या होत्या, तो कागद फाडला. मग माझ्याच लक्षात आलं, ओरखड्यांचं तू लिहिलं होतंस आणि मीही ते दोनदा वाचलं होतं. माझ्यातरी कुठे डोक्यात शिरलं?

ताप उतरलाय, पण अंगात काही उरलेलं नाही. काल मला म्हणाली, 'आनतो का नाय त्यो?' मी हो म्हणून बसले. आता तूच निस्तर.

मला एवढंच सुचतंय. नाव होतं तिथे पुन्हा नाव घाल. ती बघू शकत नाही. अक्षर कसं होतं ते आपल्याला ठाऊक नाही, पण 'भागी' एवढं तरी ठाऊक आहे ना? बोटाला लागेल असं कोरून आण. तुझ्या त्या कोठावद्यांच्या अटीचं काय ते तू बघ. आजोबांच्या नावाची पाटी हवी, की आईचं बोट तिच्या नावावर पडायला हवं, हे मी तुला सांगणार नाही. मोठा आहेस.

सिंधू


नाशिक, १९ डिसेंबर

चि. सिंधूस आशीर्वाद.

रविवारी दुपारपर्यंत पोचतो. हर्षल गाडी घेऊन येतोय, परवाना खिशात असेल, बंदूक डिकीत. नाव घातलं आहे. कसं ते ऐक.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, पाटीचा मोह सुटत नव्हता. काचेच्या कपाटात आजोबांचं नाव, खाली बारीक अक्षरात 'सौजन्य : निवृत्ती गतीर'. हो, तेही मी मनात लिहून ठेवलं होतं! मग तुझी वहिनी म्हणाली, 'आंब्यावर चढलेल्या माणसाची पाटी लावायला एवढी घाई, आणि जिने बार काढला ती नांदगावला बोटं मोजत बसलीय.' मी उठून कपाटातून बंदूक काढली.

बंदूक घेऊन बाजारात हिंडणं बरं नव्हे, म्हणून फक्त पट्टी काढायची ठरवली. दोन इवलेसे स्क्रू. घरात तेवढा बारीक पेचकस नव्हता, मी भाजीच्या सुरीचं टोक लावलं. सुरी सटकली. एका स्क्रूची खाच गेली आणि दस्त्यावर बोटभर चरा पडला, तोही डाव्या, म्हणजे वाचलेल्या बाजूला. एक्केचाळीस वर्षं जी बाजू माझ्यापासून लपून राहिली होती, तिलाही शेवटी मी गाठलंच.

पट्टी रुमालात बांधून भांडी बाजारात गेलो. तिथे सहादू म्हणून आहे, लग्नाच्या भांड्यांवर नावं घालतो. पट्टी पाहून म्हणाला, 'काका, एवढीशी? काय, बारशाची वाटी आहे का?' मी म्हटलं, 'नाव घालायचंय. भागी. यंत्राने नको, छिन्नीने घाल, बोटाला लागलं पाहिजे.' तो म्हणाला, 'छिन्नीने माझा बाप घालायचा. आता कोण घालतो?' मग मी त्याला सगळं सांगितलं. बिबट्या, आंबा, चिंच, सगळं. उभ्या भांडी बाजारात, स्टीलच्या पातेल्यांच्या मधोमध. ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा खरी सांगत होतो. दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. सहादूने मशीन बंद केलं आणि खालच्या डब्यातून बापाची छिन्नी काढली.

दोन अक्षरांना त्याने पाऊण तास लावला. शेवटी सवयीने विचारलंच, 'खाली यांजकडून सप्रेम भेट टाकू का?' मी त्याचा हात धरला.

पट्टीचा फोटो कोठावद्यांना पाठवला, लपवायचं नाही असं ठरवलं होतं. सोबत चऱ्याचाही पाठवला. त्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. तेव्हा कपाट नाही, पाटी नाही. कॉलनीत चार घरी परत जाऊन सांगावं लागेल, आणि या वेळी चहा त्यांचा असेल. मला वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण पट्टी परत बसवली तेव्हा मी त्या नावावरून स्वतःचं बोट फिरवलं, आणि मला रडू आलं.

आत्याला काही कळणार नाही ना? अक्षर ओळखलं तर? सिंधू, मला भीती वाटतेय. माझ्याने तिथे उभं राहवणार नाही.

निवृत्तीदादा


नांदगाव, २७ डिसेंबर

चि. निवृत्तीस भागीआत्याचा आशीर्वाद.

मी सांगते आन् सिंधू लिवते. तिला सांगितलंय, मी बोलंन तसंच लिवायचं, साळंतलं करायचं नाय.

रव्वारी तू बंदूक माझ्या मांडीवर ठिवली आन् 'चहाचं बघतो' म्हनून पळालास. कुसाबाई सांगत व्हती, तू पार रस्त्यापातुर गेलास. तुझा आजा आंब्यावर चढला तवा त्यालाबी असंच कायतरी काम आठवलं असंल.

तू गेल्यावर मी बोट फिरवलं. पैलं अक्षर भा. मग गी. दोनच. निवृत्ती, साहेबाच्या नावाला पाच खुणा व्हत्या. पैल्या खुणंला दोन पोटं व्हती, एकावर एक. इंग्रजी व्हतं ते. दोन खुणांचं कसं असंल?

(दादा, हे मी लिहिते आहे आणि मला तोंड लपवायला जागा नाही. साहेब मराठीत कशाला कोरेल, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सिंधू.)

तिला काय लिवायचं ते लिवू दे. तू घासलंस ते मला ऑक्टोबरातच कळलं. तूच लिवलं व्हतंस, काळे वरखडे, चार-पाच. मी ते सिंधूला परत वाचाय लावलं, तरी हिला उमगलं नाय. म्हनून म्हनलं, ईचार त्याला पट्टीवर काय हाय. बगू पोरगा खरं सांगतो का. तू कांद्याचं ईचारलंस.

लय राग आला व्हता. ताप त्याचाच आला असंल.

पर आता ऐक. ते इंग्रजी नाव सत्त्याहत्तर वर्सं माझं व्हतं, पर मला ते कधीच वाचता आलं नाय. मडमेनं सांगितलं 'भागी' म्हनून मी मानलं. मनात पाल चुकचुकायची. तिथं साहेबाच्या कुत्र्याचं नाव असंल तर? मला कोन सांगनार व्हतं? बापानं सांगितलं नाय, भावानं दावली नाय. पन्नाशीत अक्षरं शिकले ती कशापायी? एस्टीची पाटी वाचाया? मला वाटायचं, कवातरी ती बंदूक हाताला लागंल. पर तिच्यावरचं नाव इंग्रजी हाय ह्ये तवाबी ठाऊक व्हतं. तरी शिकले.

रव्वारी मी माझं नाव सोता वाचलं. कुनी सांगितलं नाय. ह्या बोटानं वाचलं. सिंधू म्हनती, मी रडले. म्हातारीचं डोळं गळतातच, त्यात काय.

सिंधूनं आता तुझी गाळलेली पत्रंबी वाचून दावली; त्या सहादूला माझा आशीर्वाद सांग. अक्षर झ्याक हाय. गीची येलांटी जरा मोठी झाली, पर चालंल.

मुंबईवाल्यानं न्हेली नाय ते बरं झालं. बंदूक तुझ्याकडंच राहू दे. मी हाय तवर मधनंमधनं आनत जा. आन् आता कुनी आलं, चहा पाजलास, तर गोष्ट खरी सांग. आज्याला आंब्यावरच बसव. खाली उतरवू नको.

बाकी समदं बरं हाय. काल अर्धी भाकर खाल्ली. एकच मागनं हाय तुझ्याकडं. पुढल्या खंडेनवमीला बंदुकीला फूल वाहा, हळदकुकू लाव, काय करायचं ते कर. पर बाबा, चिंच आमटीत घाल. घासू नको.

तुझी आत्या
भागी